पहिल्या किकला

२ फेब्रुवारी
लेक फोनवर म्हणाली, आई, एक लाख चौदा हजार किलोमीटर झाले, आता त्या मोटरसायकलला सुटी दे. मी शपथेवर सांगितलं, ज्या सकाळी ती माझ्या पहिल्या किकला सुरू होणार नाही, त्या दिवशी काढून टाकीन. यांनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. संशयास्पद.

३ फेब्रुवारी
पहिल्या किकला सुरू. संध्याकाळी ग्रंथालयाच्या उतारावरून ढकलून सुरू केली, पण शपथ फक्त सकाळची आहे.

७ फेब्रुवारी
मिस्त्री म्हणाला, ताई, हिचं कॉम्प्रेशन गेलंय, गार असताना तीस किका मारल्याशिवाय ही उठायची नाही. म्हटलं, मला एक पुरते. म्हणाला, मग तुमच्या पायात जादू आहे. आणि हसला. शोरूमवाल्यांनी फितवलेला दिसतोय. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, मायेने वागवलं की सगळं ऐकतं. गाडीला माझा पाय कळतो, बस.

१२ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
सायलेन्सर कोमट. रात्रभर उभी असलेली गाडी कोमट कशी? कोणीतरी चालवतंय. मीटर लिहून ठेवला.

१३ फेब्रुवारी
मीटर जागच्या जागी, सायलेन्सर कोमट. म्हणजे चोर मीटरची केबल काढून चालवतो. वॉचमनला हाक मारली. मॅडम, आपण काही बघितलं नाही, म्हणाला. मी अजून काय ते विचारलंही नव्हतं.

१५ फेब्रुवारी
हे हल्ली सकाळी सहाला फिरायला जातात. गुडघ्यासाठी, म्हणे. अर्ध्या तासात घामाघूम होऊन परत, आणि गुडघा आणखी सुजलेला. रुमालाला पेट्रोलचा वास. कुठे फिरता विचारलं, तर म्हणाले, इथेच, खाली. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईही सहालाच उठतात. आता सगळं स्पष्ट आहे. यांना गियर टाकता येत नाही म्हणून सव्वीस वर्षं मी पुढे, हे मागे. सव्वीस वर्षं सोंग! उद्या रंगेहाथ पकडणार.

१६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
चपला हातात घेऊन जिन्याच्या खिडकीत उभी राहिले. शिवणवाल्या बाई नव्हत्या. हे एकटेच, किक मारत होते. मी मोजल्या. एकतीस. मध्ये दोनदा गुडघा धरून भिंतीला टेकले. सुरू झाल्यावर जागेवरच तापू दिली, सीट पुसली, बंद केली. टाकीवर थोपटून तिला काहीतरी सांगितलं.
मी धावत वर येऊन झोपेचं सोंग घेतलं. मला जमलं.

१६ फेब्रुवारी, रात्री
सकाळी पहिल्या किकला सुरू झाली. कोणाला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
नाश्त्याला जाहीर केलं, कंटाळा आला त्या गाडीचा, बटणाची घेऊ. हे म्हणाले, अगं, पण ती तर पहिल्या किकला उठते. म्हटलं, तोच माज चढलाय तिला. यांनी आणखी एक ऑम्लेट मागितलं.

२४ फेब्रुवारी
नवी आली. जुनी न्यायला मिस्त्री आला. चौदा किका मारल्या, शेवटी ढकलतच नेली. जाताना माझ्या पायाकडे बघितलं. मी झाडावरची पाखरं मोजत होते.

२५ फेब्रुवारी
नवी बटणाला दाद देत नाही. शोरूमवाल्यांनी फसवलं. तक्रारीचा मजकूरही तयार केला. तेवढ्यात हे बाल्कनीतून म्हणाले, स्टँड. साइड स्टँड वर घेतल्याशिवाय ही गियरमध्ये असताना सुरू होत नाही, म्हणे. घेतला, झाली. तुम्हाला कसं माहीत विचारलं. म्हणाले, सकाळी जरा खाली जाऊन पुस्तिका वाचून आलो.
हे पुरे झालं. उद्यापासून सहाला मी उठणार, यांना झोपू देणार, गाडी मी पुसणार. गजर लावला आहे.

२६ फेब्रुवारी
सव्वासातला जाग आली. गजर बंद केलेला होता. खाली गेले. सीट पुसलेली, स्टँड वर, आणि गाडी पडू नये म्हणून हे तिला धरून उभे.