जिवनबाईंनी पुसलेला राऊटर

आखाडा बाळापूर,
मंगळवार

तीर्थरूप हरिचंदमामा,

लालसिंगचा दोन्ही हातांनी नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? डोळ्याच्या ऑपरेशननंतर मामींना बराबर दिसतं का? (मागच्या खेपेला त्यांना मी वाळलेला दिसलो, म्हणून विचारलं.)

इकडं मी खुशाल आहे. म्हणजे काल नव्हतो. हळद सोसायटीची नवी शाखा काल इथं उघडली अन् तिचं नेटवर्क जोडायचं काम कंपनीनं माझ्यावर टाकलेलं. हिंगोलीतला आमचा मोठा राऊटर, ज्याला रिफ्लेक्टर म्हणतात, तो काही निवडत न्हाई. दवाखाना, पतसंस्था, सोसायटी, साऱ्या गिऱ्हाइकांच्या वाटा (आमच्या भाषेत रूट) तो साऱ्या गावच्या राऊटरांकडं धाडतो. प्रत्येक वाटेवर त्या गिऱ्हाइकाचा नंबर असतो. गावचा राऊटर आपल्या यादीशी नंबर ताडून पाहतो, जुळली ती वाट ठेवतो, बाकीच्या हूं का चूं न करता टाकून देतो. ती यादी लिहिणारा मी.

हिरवे दिवे लागले, व्यंकटराव मॅनेजरनी फीत कापली, अन् संगणकावर सोसायटीचं एकबी पान उघडेना. बाहेर चाळीस शेतकरी हळदीची पोती घेऊन उभे. मी केबल बदलली, गच्चीवर चढलो (एका वानराला उगाच शिव्या दिल्या), खाली आलो तर समोर सफाईच्या जिवनबाई, हातात ओलं फडकं. माझ्या तोंडून निघून गेलं, की यांनीच राऊटर पुसला असणार, पाणी शिरलं. व्यंकटराव तापलेलेच होते. उद्यापासून येऊ नका, म्हणाले बाईंना.

"मी काहून बिघडवीन रे लेकरा?" एवढंच बोलून त्या पायरीवर जाऊन बसल्या.

मग हिंगोलीहून सद्दाम (माझा जोडीदार, बोलतो कमी) दुसरा राऊटर घेऊन आला. मी त्यात माझीच यादी जशीच्या तशी भरली. तोही ढिम्म. सद्दामनं स्क्रीनकडं पाहिलं. म्हणाला, "हिंगोलीहून वाटा येऊन राहिल्या, भाऊ. पण हा एकबी ठेवून न्हाई राहिला. नंबर दाखव." सोसायटीचा नंबर ५२१, मी लिहिलेला ५१२. दुरुस्त करताच राऊटरनं आपणहून रिफ्लेक्टरकडं साऱ्या वाटा पुन्हा मागितल्या, पान उघडलं, हळदीचं वजन सुरू झालं. अन् मी तिथंच, सगळ्यांसमोर, चूक माझी म्हणून कबूल केलं.

तुमचा,
लालसिंग

ता. क. : शेवटचं वाक्य खरं न्हाई. मी "झालं दुरुस्त" एवढंच म्हणालो अन् टाळ्या घेतल्या. मामा, व्यंकटराव तुमचे वर्गमित्र. जिवनबाईंना परत घ्या, असा एक फोन कराल का? माझं नाव न घेता केला तर लई उपकार होतील.

आणखी एक : पत्र पेटीत टाकायला निघालो, पण राहवेना. जिवनबाईंच्या घरी गेलो अन् सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कालच समजलं. मशीन सुरू झाली तवा तू सोडून सगळे हसून राहिले होते." चहा पाजला अन् माझं बखोट धरून मला व्यंकटरावांपुढं उभं केलं. आता त्या आत झाडून राहिल्या आहेत अन् मी बाहेर पायरीवर बसून हे लिहून राहिलो. तेव्हा व्यंकटरावांना फोन करायची तकलीफ घेऊ नका. ते आत्ता आमच्या कंपनीच्या साहेबांशी फोनवर बोलून राहिलेत, मोठ्यानं. साहेब वाशीमचे आहेत. तुमचे कोणी लागतात का?