खिशातली ग्रिप

मी, प्रेमदास गणपत ताकसांडे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त लाईनमन, राहणार पिपरी मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर पहिल्यापासूनच वाईट आहे, तेव्हा त्यावरून कोणी माझ्या शुद्धीवर शंका घेऊ नये. उद्या सकाळी मी बायपासच्या ऑपरेशनसाठी भरती होणार आहे आणि मला फार भीती वाटते.

१. राहतं घर पत्नी तानाबाई हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. रंग कोणता द्यावा हे माझ्याच्याने न ठरल्यामुळे घर अजून सिमेंटच्या रंगाचं आहे. तिने आता मनासारखा रंग द्यावा. मला विचारत बसू नये, मी "पाहू" म्हणेन.

२. बँकेतली ठेव मुलगा रुपेश व मुलगी जागृती यांना समसमान.

३. पक्कड, टेस्टर आणि खांबावर चढायचा कमरपट्टा जागृतीला. रुपेशला बल्ब बदलायलाही माणूस लागतो.

४. शेजारी सदाशिवराव यांना काहीही नाही. माझं ऑपरेशन ठरलं की हे गृहस्थ चहाला येतात. "केळझरचा एक जण असाच हसत हसत गेलता," म्हणतात आणि पुढचं न सांगता बिस्किट बुडवतात. त्या रात्री मला झोप लागत नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो, असं वकील म्हणाले, म्हणून त्यांना बोलावलं आहे.

५. माझं बरंवाईट झाल्यास बुद्धवंदना घ्यावी. भाषणं नकोत. सदाशिवरावांना तर बोलायला उभंच करू नये.

६. आता भीतीबद्दल, कारण घरच्यांना वाटतं मी चाकूला भितो. तसं नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला काम शिकवणारे तानबा उस्ताद म्हणाले होते, "पोरा, फ्यूजची ग्रिप काढजो आन् आपल्या खिशात ठेवजो. खाली भाऊ उभा असन तरी त्याले देजो नाई." फ्यूजची तार त्या चिनीमातीच्या मुठीत असते; ती मूठ आपल्या खिशात असली की खालून कोणी लाईन सुरू करू शकत नाही. नोकरीभर मी तसाच चढलो, म्हणून जिवंत उतरलो. दुसऱ्याच्या शब्दावर तारेला हात लावला नाही. आणि आता मला झोपवून, माझं काळीज दुसऱ्याच्या हातात देणार. खिशात काही ठेवता येत नाही, कारण ऑपरेशनच्या कपड्यांना खिसाच नसतो. हे मी नर्सला विचारून घेतलं आहे.

याच भीतीने मी दोनदा दवाखान्याच्या फाटकातून परत आलो. दुसऱ्यांदा तानाबाई ऑटोतच बसून राहिली.

"आता काऊन वापस?"

"गॅस सुरू राह्यला वाटते."

"गॅस मी बंद केलता जी. माह्या हातानं." मग म्हणाली, "माह्यावर भरोसा नाई का तुमचा?"

घरी आलो, गॅस बंदच होता. ती स्वयंपाकाला लागली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आणखी थांबलात तर ठरवायला काही उरणार नाही. पण मला तिचा तो प्रश्न जास्त लागला. जिच्या हातचं आयुष्यभर खाल्लं, तिने बंद केलेला गॅस मी तपासायला आलो होतो.

७. निवृत्तीपासून एक तडा गेलेली, भंगारातली ग्रिप माझ्या खिशात असते. ती या मृत्युपत्रातून वगळली आहे. आज दुपारी मी ती तानाबाईच्या हातात दिली. देताना बोटं लवकर सुटेनात. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाली, "खाली उतरले का मांगजा."

ही ग्रिप मी तिला दिलेली नाही, सांभाळायला ठेवली आहे. मी शुद्धीवर येईपर्यंत तिने ती कोणाच्याही हातात देऊ नये, रुपेशच्याही नाही. भीती अजून आहे. उद्या मी जाणार आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

प्रेमदास गणपत ताकसांडे

साक्षीदार:
१. सदाशिवराव ठाकरे, शेजारी (आज कोणाचीही गोष्ट न सांगता सही केली)
२. प्रफुल्ल नगराळे, लाईनमन

पिपरी मेघे, ता. जि. वर्धा
११ नोव्हेंबर २०२५