आरामीचा प्रश्न

सोमवार, ४ सप्टेंबर

परदेशातले तपासणीस शुक्रवारी येणार! त्यांनी मान्यता दिली तर राजधानी असुन्सिऑनमध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या मोजक्या शाळांत आमची प्राथमिक शाळा बसेल. पाचवीच्या प्रत्येक मुलानं स्वतःचा एक प्रश्न घेऊन शोध घ्यायचा, तो शुक्रवारच्या प्रदर्शनात मांडायचा. माझ्या वर्गातल्या आरामीचा प्रश्न — ‘शाळा झाडणाऱ्यांची मुलं आमच्या शाळेत का नाहीत?’

मुख्याध्यापिका ग्रासिएलाबाईंनी बोलावून घेतलं. “हे बदल, लुर्देस.”

“बाई, प्रश्न मुलांचाच हवा. अभ्यासक्रमातच लिहिलंय.”

“मग तिलाच बदलावासा वाटू दे की!”

मंगळवार, ५

मधल्या सुट्टीत आरामी झाडूवाल्या सेफेरिनाबाईंशी इथल्या ग्वारानी भाषेत बोलत बसली होती. बाई तेरेरेचा, त्या पाल्याच्या गार चहाचा, घोट घेत हसत म्हणाल्या, “माझी पोरगी रोज विचारते, आई, तू पुसतेस त्या वर्गात शिकवतात तरी काय?”

आरामीनं शब्द न् शब्द लिहून घेतला.

बुधवार, ६

आज ग्रासिएलाबाईंचं पुन्हा बोलावणं. “तुझा करार डिसेंबरात संपतोय ना?” एवढंच म्हणाल्या.

मी आरामीला सांगितलं, नदीतल्या माशांवर कर. तिनं वही मिटली. “प्रोफे,” — मुलं शिक्षकांना असंच म्हणतात — “माझा प्रश्न चुकीचा होता?”

“नाही गं.”

“मग?”

मी माशांचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

शुक्रवार, ८

आज प्रदर्शन. तपासणीस बाई आरामीच्या टेबलाशी थांबल्या. “हा विषय तू कसा निवडलास?”

आरामीनं माझ्याकडे पाहिलं. मी — मी नजर खाली घातली!

“मीच निवडला,” ती म्हणाली. “मला मासे आवडतात.”

दहा वर्षांची पोर. माझ्यासाठी खोटं बोलली.

सोमवार, ११

मान्यता मिळणार, असा निरोप आला. ग्रासिएलाबाईंनी मिठी मारली. पुढच्या वर्षी मला प्राथमिकची प्रमुख करणार म्हणे. सगळे टाळ्या वाजवत होते. आरामीही.

मंगळवार, १२

तपासणीस बाईंना पत्र लिहिलं. काहीच लपवलं नाही. पाठवण्याआधी वर्गात वाचून दाखवलं. “खोटं आरामी आपणहून नाही बोलली, मी बोलायला लावलं,” म्हटलं. आरामीनं विचारलं, “प्रोफे, तुम्हांला काढतील?”

“कदाचित.”

“तरी पाठवणार?”

तिच्यासमोरच पाठवलं.

शुक्रवार, १५

मला आजच काढलं. मान्यता थांबवली आहे. तपासणीस सोमवारी परत येताहेत — त्यांना फक्त दोघींना भेटायचंय म्हणून कळवलंय. आरामीला आणि सेफेरिनाबाईंना.