पिवळ्या दिव्याबाबत दत्तोबामामांना

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

कोथरूड, पुणे
आश्विन वद्य तृतीया

तीर्थरूप दत्तोबामामा,

आपल्या पायांवर डोके ठेवून (सध्या माझा बराच वेळ जमिनीलगतच जातो, त्यामुळे हे अवघड नाही) भाचा रंगनाथ याचा नमस्कार. आपला गुडघा, मामींची साखर आणि अंगणातला कढीपत्ता, तिघांचीही तब्येत कळवावी. आमच्याकडे नम्रता बरी आहे, सृष्टीची परीक्षा चालू आहे, आणि आई विचारले तर बरी आहे असेच सांगते. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोन लावला की आई खुर्ची ओढून शेजारी बसते आणि तिकडे आपण ‘हं’च्या पुढे जात नाही. दोन हट्टी माणसांच्या मध्ये फोन धरून उभे राहण्याचे माझे वय आता राहिले नाही.

पत्राचे कारण आधीच सांगतो, नाहीतर आपण चष्मा काढून ठेवाल. यंदा भाऊबीजेला आईला आपल्याकडे पुसदला यायचे आहे. रीतीने भावाने बहिणीकडे जायचे असते हे तिला माहीत आहे. पण भाऊ तीन वर्षांत पुण्याला आला नाही (त्या विषयावर मी एक अक्षर लिहायचे नाही अशी मला सक्त ताकीद आहे), तेव्हा आता आपणच जायचे, असे तिने घट बसले त्या दिवशी जाहीर केले. एस.टी.त तिचे गुडघे बारा तास दुमडून राहत नाहीत. रेल्वेने निघाले तरी पुढे बस आहेच. म्हणून आमची गाडी. पाचशेच्या वर किलोमीटर, चालक मी, वय एकोणपन्नास, अनुभव कोथरूड ते मंडई. आईने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. रोज देवपूजा झाली की ती पिशवी उघडून आपल्यासाठी घेतलेला टॉवेल आणि टोपी जागेवर आहेत ना, ते बघते. टोपी कुठे जाणार?

आणि दसऱ्याच्या सकाळी गाडीत पिवळा दिवा लागला.

हा दिवा स्पीडच्या काट्याशेजारी, इंजिनाच्या आकाराचा असतो. देवापुढचा दिवा लागला की माझे मन शांत होते; हा लागल्यापासून जपाची माळसुद्धा एकदा उलटी फिरली. गाडी चालते, पण सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी थरथरते. आपण चौतीस वर्षे एस.टी.च्या वर्कशॉपात इंजिने उघडलीत, आपल्याला यात काही वाटणार नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात आहे खरा, पण कचेरीत. मुलांना बोनाफाईड दाखले देतो. तरी सोसायटीतले लोक मला पंख्यापासून लिफ्टपर्यंत सगळे विचारतात, आणि मी मान हलवतो. त्याचे फळ मिळत असावे.

पहिल्यांदा घरामागच्या एका गॅरेजमध्ये गेलो. त्याने बॉनेट न उघडताच ‘सेन्सर’ असे सांगितले. कुठला, म्हणून विचारले तर म्हणाला, स्कॅनर लावल्यावर कळेल, लावायचे वेगळे. लावला. मग परीक्षेत हुशार मुलगा उत्तरपत्रिका झाकतो तसा पडद्यावर हात आडवा धरून त्याने निकाल दिला की दोन सेन्सर. मी विचार करून येतो म्हणालो. (विचार करण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते, पण आपल्या गावच्या शाळेत हे वाक्य शिकवले आहे आणि ते पुण्यात फार उपयोगी पडते.)

चौथ्या मजल्यावरचा अनिरुद्ध आयटीत आहे. तो जिन्यात भेटला. म्हणाला, “काका, सिंपल आहे. कोड रीडर घ्या. गाडी स्वतःच सांगते तिला काय होतंय ते.” मामा, हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही. आमच्या घरात चार माणसे आहेत, तिकडे आपण आणि मामी. या सहांपैकी एकही माणूस आपल्याला काय होते आहे ते स्वतःहून सांगत नाही. दुसऱ्याने ओळखायचे, आणि चुकीचे ओळखले तर पुन्हा रुसायचे. आणि ही अकरा वर्षांची गाडी, नुसती वायर लावली की सांगणार. मला तिच्याबद्दल आदर वाटू लागला.

म्हणून बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने वर न बघता विचारले, “घ्यायचंय की माहिती हवीय? माहिती मोबाइलवर फुकट मिळते.” मी दोन्ही म्हणालो. तेव्हा त्याने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक काडेपेटीएवढी, जी गाडीत खोचायची आणि मोबाइलवर वाचायची, सगळ्यांत स्वस्त. दुसरी लांब वायरची, छोटा पडदा आणि सहा बटणे असलेली, मोबाइल लागत नाही, मधल्या किमतीची. तिसरी गॅरेजवाल्यांची, पेटीसकट. तिची किंमत ऐकून मी ती आदराने परत सरकवली. स्वस्तातल्या दोन्ही फक्त इंजिनाचे दुखणे वाचतात, ब्रेकचे आणि एअरबॅगचे नाही. म्हणजे ब्रेकबद्दलची काळजी आपली आपण करायची. (मी ती लगेच सुरू केली.) दोष वाचून झाल्यावर खोडायचीही सोय असते. खोडला म्हणजे दोष जातो का, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “दिवा जातो.” पुण्याच्या दुकानदारांकडून कधीकधी असे तत्त्वज्ञान मिळते, आणि त्याचे ते वेगळे पैसे लावत नाहीत.

मी काडेपेटी घेतली. येताना दगडूशेठच्या गणपतीसमोर बाहेरूनच हात जोडले. यंत्र चालू दे, असे मागणे जिभेवर आले होते, पण इतक्या गर्दीत इतकी लहान गोष्ट मागायची लाज वाटली. ते मागायला हवे होते, असे आता वाटते.

ही यंत्रे जिथे खोचायची ती जागा स्टिअरिंगच्या खाली, आत, अशा ठिकाणी असते की ती बघायला माणसाने पाठीवर झोपून डोके पेडलपाशी न्यावे आणि पाय दाराबाहेर सोडावेत. मी तसे केले. दहा मिनिटांनी माझ्या पायांशेजारी आणखी दोन पाय आले. सोसायटीचे सेक्रेटरी सुदर्शनराव होते. त्यांनी शांतपणे विचारले, “कोणाला बोलावू? मेकॅनिकला की डॉक्टरला?” मी म्हणालो, यंत्र लावतो आहे. ते म्हणाले, “लावा लावा, फक्त पाय जरा आत घ्या, इथून लोक जातात.” यंत्राचा दिवा लागला, मोबाइलशी ओळखही झाली, पण गाडीशी काही बोलणे होईना. अर्धा तास पडद्यावर एकच गोल फिरत होता. परत नेऊन दिले तर दुकानदार म्हणाला, यंत्र चांगले आहे, गाडीला बोलायचे नसेल. हे गाडीबद्दल होते, पण मला आपली आणि आईची आठवण झाली. मग त्यानेच खरे सांगितले, की स्वस्तातल्या स्वस्त यंत्रांना प्रत्येक गाडीची भाषा येत नाही. आधी गाडीचे साल विचारायला हवे होते. मी म्हणालो, आपण विचारले नाहीत. तो म्हणाला, तुम्ही सांगितलं नाहीत. थोडे पैसे भरून वायरचे यंत्र घेतले.

त्याने मात्र पहिल्याच फटक्यात तोंड उघडले. पी शून्य तीन शून्य एक. मी आडवा असतानाच ते जपाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, अनिरुद्धला विचारले, आणि कळले की चार सिलिंडरांपैकी पहिल्यात ठिणगी नीट पडत नाही. सेन्सरचे नावसुद्धा नाही. आईला जेवताना समजावून सांगितले. ती म्हणाली, “चौघांतला एक रुसला तर बाकीच्या तिघांनी न्यायला पाहिजे. आम्ही नाही का संसार नेला?” मी म्हणालो, पुसदपर्यंत नेणार नाहीत. ती म्हणाली, “मग त्याला मनव.”

दुसऱ्या दिवशी मनवायला बॉनेट उघडले, तर आत मुंग्या. रेडिएटरच्या कडेने, एका पाठोपाठ एक, शाळेच्या प्रभातफेरीसारख्या नीट, थेट पहिल्या सिलिंडरच्या टोपणापर्यंत. बाकीच्या तिघांकडे एकीनेही वळून बघितले नव्हते. मी बराच वेळ बघत उभा राहिलो आणि मग मला खंडेनवमी आठवली. मामा, लहानपणी नवमीला आपण मला वर्कशॉपात न्यायचात. पान्यांना हळदकुंकू, जॅकला झेंडूचे फूल, बॉनेट उघडलेली बस आणि नारळ. माझ्याकडे पाने नाहीत, जॅक सापडला नाही, म्हणून यंदा मी बॉनेट उघडून इंजिनाचीच पूजा केली. नारळ फोडला, आणि त्याचे पाणी वाया का घालवायचे, म्हणून तीर्थासारखे इंजिनावर शिंपडले. शिंपडले म्हणजे शेवटी ओतले. आपण नारळ चाकापाशी फोडायचात आणि पाणी आम्हा पोरांना द्यायचात, हे मला आठवड्याने आठवले. दिवा माझ्या भक्तीने लागला आहे. गॅरेजवाल्याला हे सांगायची माझी हिंमत नाही, आणि देवाला सांगायची गरज नाही, तो त्या वेळी हजर होता.

टोपण काढून, पुसून, दोन दिवस उघडे ठेवून वाळवले आहे. आता यंत्र विचारते आहे, दोष खोडू का? माझे बोट बटणावर आहे आणि दाबवत नाही. दिवा आहे तोवर काळजी त्या एवढ्याशा जागेत आहे. तो गेला की ती गाडीभर पसरेल. जालन्याच्या पुढे, ऐन उन्हात, आई मागे बसलेली, आणि गाडी थांबली, तर मी काय करणार? यंत्र आकडा सांगेल. आकडा घेऊन मी रस्त्याच्या कडेला काय करू? एवढ्यासाठी आपला सल्ला हवा होता. नुसते खोडावे, की टोपणच नवीन घालावे, की निघूच नये? चार ओळी लिहाव्यात. मामींना नमस्कार.

आपला,
रंगनाथ

ता. क. १ : वरचा मजकूर चार दिवसांपूर्वीचा आहे, पोस्टात टाकायचा राहिला. मंगळवारी मी डोळे मिटून बटण दाबले. दिवा गेला. बुधवारी खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, दिवा लागला नाही, थरथरही नाही. गाडीला काहीही झालेले नाही. मात्र प्रवासाआधी दाखवून घ्यावे म्हणून काल आईला डॉक्टरांकडे नेले. तिच्या डाव्या पायाला सूज आहे, ती दोन महिने लुगड्याखाली झाकून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, औषधाने उतरेल, पण इतके तास बसून प्रवास अजिबात करायचा नाही, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. आई त्यांना ‘बरं’ म्हणाली, आणि रिक्षात मला म्हणाली की ठरल्या दिवशी पहाटे पाचला निघायचे.

ता. क. २ : म्हणून ताकीद मोडून लिहितो. तीन वर्षांपूर्वी आपण न कळवता आलात, तेव्हा वॉचमनने आपल्याकडून वहीत नाव, गाव आणि येण्याचे कारण लिहून घेतले. आपण कारणाच्या रकान्यात ‘बहीण’ असे लिहिलेत. (ती वही मी पाहिली आहे.) वरून इंटरकॉम कोणी उचलला नाही, कारण दुपारची वेळ होती आणि आम्ही सगळे झोपलो होतो. आपण पाऊण तास बाकावर बसलात, तुरीच्या डाळीची पिशवी वॉचमनकडे ठेवलीत आणि परतीच्या बसला गेलात. आई म्हणते, दोन जिने चढून हाक मारली असती तर मी उठले नसते का? आपण मामींना म्हणालात, बहिणीच्या घरी चिठ्ठी दाखवून जायचे का? दोघांचेही बरोबर आहे. मी मध्ये आहे. मामा, आपण या. पाया पडून सांगतो, या. मी स्वतः गेटवर उभा राहीन.

ता. क. ३ : हे लिहीत होतो तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. इतका वेळ दत्तूला काय लिहितोस, म्हणाली. मी गाडीचा मजकूर तेवढा वाचून दाखवला, नारळासकट. ताजे कलम वाचले नाहीत. तिने दाराशी जाऊन पिशवीतली टोपी बघितली. मग म्हणाली, “लिही त्याला, गाडी बिघडलीय. पुण्यात कोणाला सापडत नाही.” मी म्हणालो, आई, मंगळवारीच नीट झाली. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा सातवीत गेलो. “तू लिही,” म्हणाली.

तरी मामा, पहिला ताजा कलम आपण वाचलेला नाही. पिवळा दिवा लागलेला आहे, यंत्राचा उपयोग झाला नाही, आणि आपण स्वतः येऊन बॉनेट उघडल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आलात तर बरे पडेल. मामींनाही घेऊन या. आई म्हणते, दुरुस्तीला आठ-दहा दिवस लागतील.