पान एक्केचाळीसचं काळं आभाळ

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. ट्रंकेतल्या सगळ्या जुन्या युद्धकॉमिक्सचा चित्रकलेच्या अंगानं अभ्यास. लोक ती गोष्टीसाठी वाचतात, मी रेघेसाठी बघतो. बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षं ट्रेसर होतो, नकाशे गिरवायचो. रेघ कुणाची, हे मला सांगावं लागत नाही. चित्रकारांची नावं कुठंच छापलेली नाहीत. म्हणजे ओळखणार कोण? मीच.
आमची सौ. शरयू म्हणाली, ट्रंक उघडलीच आहे तर वरचे स्वेटर उन्हात घाला. घातले. अभ्यास उद्यापासून.

५ जानेवारी
चित्रकारांना तात्पुरती नावं दिली. निबवाला. ब्रशवाला. नाकवाला (याच्या सगळ्या जर्मनांना एकच नाक).
पण सगळ्यांचा बाप ब्रशवाला. वाळवंटाची लढाई, पान ४१. बंद पडलेला रणगाडा, त्यावर चढणारा एक शिपाई आणि वर अख्खं आभाळ काळंकुट्ट. भरदुपारी! काय हिंमत आहे! अर्धा तास बघत बसलो. दूध उतू गेलं. शरयूनं दोनदा हाक मारली म्हणे. रसिकाला हे भोगावंच लागतं.

९ जानेवारी
वाचनालयात गेलो. ग्रंथपाल शीतलताईंना व्याख्यानाचं सांगितलं. सव्वीसला संध्याकाळी हॉल एक तास मिळेल म्हणाल्या. मी म्हटलं, विषय मोठा आहे. त्या म्हणाल्या, बराबर एक तास, मंग योगाचा क्लास असतो.
पाहुणे म्हणून शरयूचे कचरूमामा. वाटूरला असतात, रणगाड्यांच्या पलटणीतून रिसालदार होऊन रिटायर झाले. चित्रातलं त्यांना काय कळणार, पण मिशा भारदस्त आहेत.

१४ जानेवारी
व्याख्यान लिहायला बसलो. शीर्षक झालं. संक्रांत. तिळाचे लाडू सात.

१९ जानेवारी
पान ४१ चा मोठा फ्लेक्स करायला टाकला. फ्लेक्सवाला हरिओम म्हणाला, काका, हे आभाळ कुणीतरी हातानं रंगवल्यासारखं दिसून राह्यलंय. मी म्हटलं, मग काय पायानं रंगवणार? दहा मिनिटं त्याला छायाप्रकाश समजावला. तो म्हणाला, बिलकुल बरोबर, काका, पण गिऱ्हाईक थांबलेत.

२२ जानेवारी
परतूरहून धाकट्या बहिणीचा फोन. निवेदिता येणार आहे. बालवाडी चालवते, कलेतलं विशेष नाही. लहानपणी माझ्या कॉमिक्सला हात लावायची, दोनदा मार खाल्लाय. तिनं विचारलं, दादा, ती वाळवंटाची आहे का रे अजून? म्हटलं, तिच्यावरच तर व्याख्यान आहे. बरं बरं म्हणून घाईनं फोन ठेवला. भारावली असणार.

२६ जानेवारी, सकाळी
उजळणी. एकट्या आभाळावर चाळीस मिनिटं होतात. काही कापवत नाही. निळा शर्ट.

२७ जानेवारी, सकाळी
काल एकोणीस श्रोते. पैकी अकरा योगाच्या चटया घेऊन लवकर आले होते. तरी एकोणीसच.
निबवाला, नाकवाला उरकून आभाळावर चाळीस मिनिटं बोललो. मग कचरूमामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठून फ्लेक्सपाशी गेले. शिपायाच्या हातावर बोट ठेवलं. म्हणाले, जावईबापू, हे काढणारा माणूस रणगाड्यापाशी जाऊन आल्ता बरं का. ह्या शिपायाचा हात पाहा. उन्हात तापल्यालं लोखंड, हात टेकवला की असाच झटक्यात मागं येतो. आमच्या पलटणीतला भिवा असाच चढायचा. शिव्या देत. वापस न्हाई आला.
चटईवाले माना पुढं काढून तो हात बघायला लागले.
माझ्या भाषणात हाताचा उल्लेख नव्हता. वेळेअभावी.
मग मामा म्हणाले, पण आभाळ त्याचं न्हाई. हे दुसऱ्याच कुणाचं काम आहे.
मी खुलासा करायला उठणार, तेवढ्यात मागून निवेदिता उठली. म्हणाली, मी केलंय. नऊ वर्षांची होते. वर तीन विमानं होती, बॉम्ब टाकत होती. खालच्या माणसाला लागेल म्हणून दादाच्या ड्रॉइंगच्या परीक्षेची शाई घेतली आणि सगळी बुजवून टाकली.
मामांनी तिला सॅल्यूट केला. म्हणाले, ताई, तुम्ही तिथं पायजे होत्या.
टाळ्या खूप झाल्या. शीतलताईंनी तिला पुढच्या महिन्यात बोलायला बोलावलंय. तिच्यासाठी दीड तास. योगाचा क्लास पुढं ढकलणार.
माझं मत कायम आहे. आभाळ श्रेष्ठच आहे.

२९ जानेवारी
सकाळपासून पान ४१ घेऊन बसलो. तो हात खरंच मागं आलाय. पंचेचाळीसएक वर्षं हे चित्र माझ्यापाशी आहे.
दुपारी निवेदिताला फोन केला. तिनं विचारलं, रागावलास का रे दादा? नाही म्हटलं. मग मीच विचारलं, बाकीच्यांतही काही केलंस का?
ती हसायला लागली. म्हणाली, नाकवाल्याची सगळी नाकं माझीच.