डावीकडचा फूटरेस्ट

शहाण्या,

मोटरसायकल चोरीला गेलेली नाही, मी नेली आहे. उगाच शेजारीपाजारी बोंब मारत फिरू नकोस. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

चार दिवस एकटाच सहाशे किलोमीटर भटकून आलो, म्हणालास. सकाळी गाडी पुसायला घेतली, तर मागचा डावीकडचा फूटरेस्ट उघडा आणि उजवीकडचा बंद. म्हणजे मागे बाई होती, तीही एका बाजूला पाय सोडून बसलेली. डोक्यात राख घालून मी तुझे सगळे खिसे उलटे केले. त्यात काही नव्हतं. मग माळ्यावर सोफ्याची उशी सापडली, सीटला बांधायच्या दोरीसकट. उशीला निलगिरीच्या तेलाचा वास होता.

बस लागते म्हणून गुडघ्यांना निलगिरी चोळून एवढ्याशा गाडीवर एवढा पल्ला मारणारी बाई जगात एकच आहे. मी तिच्याशी सहा वर्षं बोलत नाही. "तिला कळू देऊ नका हं, जावईबापू," असं तिनेच बजावलं असणार, आणि तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस.

मोठं हॉस्पिटल तू गेलास त्याच रस्त्यावर आहे, हे मलाही ठाऊक आहे. डॉक्टर काय म्हणाले, तेवढं फोनवर खरं सांग. तुझ्याशी भांडण आल्यावर.

आईकडे निघाले आहे. डावीकडचा फूटरेस्ट बंद केलेला नाही. मागे बसायला तयार झाली, तर घेऊनच येईन.