खोलीत ऊन येतं म्हणे

प्रिय कारभारणीस,

मी खुशाल आहे, आधी तेवढं वाचून घे. अखेर खोली मिळाली. राजधानीत मी ज्यांचे सोफे शिवतो, त्यांच्या एका सोफ्याएवढी जागाही आपल्याला परवडेना, म्हणून गाडीने दोन तास लांब आलो. एजंट म्हणाला, "काका, स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे." हाक मारणाऱ्याचा गळा मात्र दणकट हवा.

खोलीला दोन खिडक्या आहेत. शेजारीण म्हणते, "तुमच्याकडे ऊन काय छान येतं हो." येत असेल. मी उजाडायच्या आत निघतो, अंधार पडल्यावर परततो आणि जेवता जेवता पेंगतो. एका सुट्टीला ऊन बघायचं ठरवलं, तर नेमकं आभाळ भरून आलेलं.

तुझी कंबर कशी आहे? धाकटीचा खोकला गेला का?

आता मुद्द्याचं. खोली मिळाली की तुला बोलावीन म्हणालो होतो. पेटी भरली असशील, तर रिकामी कर. रागावू नकोस. तिथे तुला निदान माझं पत्र तरी मिळतं. इथे माझे धुवायचे कपडे तेवढे मिळतील.

जिवाला जप.

तुझाच,
मी